सातूच्या पिठावरचं ते हिरवं स्टिकर काढा

प्रति,
दिवाळी प्रदर्शनाचे सर्व संयोजक,
तसंच पिठं, भाजणी, माल्ट, मेतकूट करून विकणाऱ्या माझ्या मैत्रिणी आणि गिरणीवाले मामा-काका,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच आहे. गेली बावीस वर्षं सांगलीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि सातूचं पीठ करून विकते. आधी ओळखीपाळखीत, डब्यातून. मग नोंदणी केली, पाकिटावर चौदा आकडी नंबर आला आणि दर दिवाळीआधी प्रदर्शनात एक टेबल मिळायला लागलं. तेव्हा बाहेरचं कुणीतरी येऊन बोट दाखवतंय असं मनात आणू नका.

यंदा पहिल्या दिवशी सकाळी मी टेबलावर चादर घालत होते, तेवढ्यात एक मुलगा स्टिकरांचं बंडल घेऊन आला. हिरवं, गोल, रुपयाएवढं, वर ‘ग्लूटेन फ्री’, म्हणजे गव्हासारख्या धान्यात असतं ते ग्लूटेन नावाचं प्रथिन यात नाही. ज्वारीच्या पिठाला लावलं, नाचणीला लावलं, भाजणीला लावलं आणि सातूच्या पिठाच्या सगळ्या पाकिटांनाही लावलं. मी म्हटलं, “अरे बाळा, भाजणीत गहू आहे. सातूत तर निम्म्याहून जास्त गहूच आहे.” तो म्हणाला, “काकू, मला सांगितलंय, बेकरीचं सोडून सगळ्यांना लावायचं.”

माझी स्टिकरं मी नखाने खरवडून काढली. शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं सातू जवाचं होतं, त्यात गहू अजिबात नाही. त्या मला म्हणाल्या, “तुमची नको असतील तर मला द्या, माझ्यात नुसते जवच आहेत.” अगदी मनापासून म्हणाल्या. दीड वर्षापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

दुपारी मी संयोजकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, गव्हाचं नाही त्याला लावायचं ठरलं होतं, चुकून तुमच्याला लागलं. ग्राहक सारखे विचारतात, त्यांची सोय होते. शिवाय हा माल चांगला उठतोय, म्हणून पुढच्या वर्षी ‘ग्लूटेन फ्री’ची स्वतंत्र रांगच करायची ठरलंय. शेजारच्या ताईंची स्टिकरं प्रदर्शन संपेपर्यंत तशीच होती. ती रांग ठरली म्हणून हे पत्र लिहिते आहे, नाहीतर गप्प बसले असते. गप्प बसायलाही मला तसं कारण आहे, कारण हीच चूक मी घरात केली आहे.

माझी नात पुण्याला असते, आता आठ वर्षांची आहे. साडेसहा वर्षांची असताना तिची उंची वाढायची थांबली. पोट पुढे, हातापायांच्या काड्या. हिमोग्लोबिन सातच्या घरात. लोहाची औषधं वर्षभर देऊनही जैसे थे. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं दृष्ट. शेवटी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी झाली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि निदान झालं, सीलिएक, म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतडं बिघडतं तो आजार. आयुष्यभराचं पथ्य.

सुनेने डॉक्टरांचा कागद मला फोनवर वाचून दाखवला. व्हीट, बार्ली, राय. मी वहीत लिहून घेतलं. व्हीट म्हणजे गहू, कळलं. बार्ली म्हणजे औषधांच्या दुकानात मिळतात ते पांढरे मोत्यासारखे दाणे. लघवीला जळजळ झाली की माझी आई त्याचं पाणी उकळून द्यायची. ते आमच्या घरात नव्हतंच. आणि राय म्हणजे राई. मे महिन्यात नात सुट्टीला आली, तेव्हा मी महिनाभर फोडणीत मोहरी घातली नाही. लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवली. (ही ‘राय’ म्हणजे आपल्याकडे न पिकणारं एक धान्य, मोहरीशी त्याचा काही संबंध नाही, हे नंतर समजलं.)

आणि तिला आवडतं म्हणून सातूचं पीठ केलं. गहू चालत नाही ना, मग गव्हाच्या जागी जव. दोन किलो जव आणले. जवाचं टरफल दाण्याला धरून बसलेलं असतं, गव्हासारखं झोडपून-पाखडून सुटत नाही. म्हणून दाणे ओलवले, उखळात हलक्या हाताने कांडले, पाखडले, पंचावर पसरून सावलीत वाळवले आणि खरपूस वास सुटेपर्यंत मंद आचेवर भाजले. निम्मं डाळवं, सुंठ, वेलदोडा. रोज सकाळी गूळ आणि दूध घालून वाटीभर. पोर वाटी चाटूनपुसून खायची आणि मला वाटायचं, चला, अंगाला लागतंय.

जूनमध्ये पुन्हा जुलाब, पुन्हा ती किरकिर. पुढच्या तपासणीत टीटीजीचा आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला. सून फोनवर एकेक पदार्थ विचारत होती, मी सांगत होते. भाकरी, वरण, भात, तूप, सातू.

“आई, सातू म्हणजे हरभऱ्याचं ना? बिहारकडे खातात ते?”

“नाही गं, जवाचं.”

“जव म्हणजे काय?”

मी म्हटलं, “सातू.”

मग तिने मोबाइलवर शोधलं आणि थोडा वेळ काही बोललीच नाही.

आपल्या भाषेत सातू हा एकच शब्द दोन वस्तूंना आहे. एक दाणा: सातू, म्हणजेच जव, संस्कृतातला यव, हिंदीतला जौ, इंग्रजीतली बार्ली. दुसरं पीठ, संस्कृतातल्या सक्तूवरून आलेलं, धान्य भाजून दळलेलं. आणि हे पीठ घरागणिक वेगळं. माझ्याकडे गहू आणि डाळवं, शेजारच्या ताईंकडे जव आणि डाळवं, कुणी तिन्ही एकत्र करतं. बिहारकडचा सत्तू हरभऱ्याचा. सीलिएकच्या माणसाला यातलं भेसळ नसलेलं हरभऱ्याचं तेवढं चालतं, बाकी सगळं विष. पाकिटावर मात्र सगळीकडे ‘सातू’ किंवा ‘सत्तू’, कधी एकाच दुकानात एकाच फळीवर. त्यात जवसाची भर. जवसात ग्लूटेन नाही, जवात आहे, आणि हाताने लिहिलेल्या लेबलावर शेवटचा ‘स’ पुसट झाला की संपलं.

गहू आणि जव एकाच कुळातले. गव्हातल्या ज्या प्रथिनामुळे हे आतडं बिघडतं त्याला ग्लायडिन म्हणतात, जवातल्या त्याच जातीच्या प्रथिनाला हॉर्डिन. शरीराला दोन्ही सारखेच वैरी. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्न शोषलं जातं. ती लव झिजून सपाट होते. म्हणून नुसतं खाऊन उपयोग होत नाही, लोहाच्या गोळ्यासुद्धा वाया जातात. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, तांदूळ, राजगिरा यांची ही भानगड नाही.

आपल्या धंद्यातल्या बायका इथे का फसतात हेही मला आता कळलं आहे. आपण हाताने ओळखतो. गव्हाची कणीक तिंबली की तार धरते, ताणली की ताणते. जवाच्या पिठाची पोळी लाटायला गेलं तर कडेने भेगा पडतात, थापावी लागते, जवळजवळ भाकरीसारखी. मग हात सांगतो, यात चिकटपणा नाही, म्हणजे ग्लूटेन नाही. चिकटपणा कमी असतो हे खरं, पण आजार त्या प्रथिनाने होतो, तार धरण्याने नाही. बावीस वर्षं ज्या हाताच्या भरवशावर धंदा केला, तो इथे खोटा ठरला.

आता तक्रारी सांगते.

पहिली अर्थातच स्टिकरची. ‘ग्लूटेन फ्री’ हे ‘घरगुती’ किंवा ‘पौष्टिक’सारखं मोघम विशेषण नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांत त्याचं माप आहे: पदार्थात गहू, जव, राय, ओट किंवा त्यांच्या संकरित जाती नसाव्यात आणि किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमच्या वर नसावं. २० मिलिग्रॅम म्हणजे किती, याचा मी घरी बसून ढोबळ हिशोब केला. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन दहावा हिस्सा धरा, म्हणजे ४ मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की माप भरलं. तुम्ही सगळ्या धान्य निवडता. ताटात ज्वारी पसरली की त्यात गव्हाचे किती दाणे निघतात, मी सांगायला नको. मग न तपासता, न विचारता, बंडलातून स्टिकर काढून चिकटवायचं कुठल्या आधारावर?

दुसरी तक्रार ‘मिलेट’ या नावाखाली चाललेल्या सरमिसळीची. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, बजेटमध्ये ‘श्री अन्न’ आलं आणि ज्वारी-बाजरीला बरे दिवस आले. मला आनंदच आहे, माझीही भाजणी जास्त खपते. पण सरकारी आकडेवारीत भरड तृणधान्यांच्या रकान्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, मक्याबरोबर जवही असतो. मिलेटांना मराठीत भरडधान्यंच म्हणायचं, त्यामुळे लोक धरून चालतात की जवही त्यातलाच, आणि मिलेटमध्ये ग्लूटेन नाही म्हणजे यातही नाही. प्रदर्शनात मी ‘सात मिलेटचं भाकरी पीठ’ असं एक पाकीट उलटून पाहिलं. सातात पाचवा जव होता, सहावा ओट. यापेक्षा हरियाणातल्या करनालच्या गहू आणि जव संशोधन संस्थेने बरं केलंय, नावातच दोघांना एकाच पाटीवर बसवलंय.

तिसरी माल्टची. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून, भाजलेलं धान्य, मग ते कुठलंही असो. नाचणीला मोड आणून केलेला माल्ट चालतो, आपण तान्ह्या बाळाला देतो तोच. पण बाजारात नुसतं ‘माल्ट’ म्हटलं की ते बहुतेक जवाचंच असतं. मुलांच्या दुधात घालायच्या डब्यांत ते असतं, बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्येही चवीला असतं, म्हणजे मका निर्दोष असूनही पदार्थ बाद. आता काही मैत्रिणी नाचणी माल्टला खमंगपणा यावा म्हणून बाहेरून तयार माल्ट पावडर आणून मिसळतात आणि पाकिटावर लिहितात ‘नाचणी माल्ट’. कायद्याचं बाजूला ठेवा, पण ते वाचून एखादी आई विश्वासाने विकत घेते.

चौथी हिंगाची, आणि ती थोडक्यात, कारण विषय जवाचा आहे. बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. चिवडा, मेतकूट, पापड, सगळ्यात हिंग. डबी उलटी करून वाचा, एवढंच.

पाचवी गिरणीची, आणि गिरणीवाल्यांना मी हे हात जोडून सांगते. तुम्ही उपासाचं दळण कसं करता? वरी, राजगिरा, साबुदाणा घेऊन कुणी आलं की तुम्ही आपण होऊन म्हणता, “ताई, उद्या सकाळी गिरणी सुरू करताना या, आत्ता गव्हाचं चाललंय.” कुणी दगड झाडून घेतं, कुणी पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढतं, कुणाकडे उपासाची चक्कीच वेगळी. एकादशीला गव्हाचा कण पोटात गेला तर उपास मोडतो, हे तुम्हाला कुणी कायद्याने शिकवलं नाही. माझ्या नातीची रोजच एकादशी आहे. तिच्यासाठी आम्ही घरघंटी घेतली, परवडली म्हणून घेतली. सगळ्यांना परवडत नाही. पोरगी सीलिएकची आहे म्हणून सकाळचं पहिलं दळण मागायला आलेल्या बाईला “एवढ्याशाने काही होत नाही” असं सांगून परत पाठवू नका. एवढ्याशानेच होतं.

आणि जे बोलायला थोडं कडू आहे, ते असं. ग्राहक विचारतात म्हणून सोय, असं संयोजक म्हणतात. विचारणाऱ्यांत बहुतेक जण वजन उतरवायला निघालेले असतात. त्यांच्या पोटात जव गेला तर काहीच बिघडत नाही, उलट बरंच. म्हणून खोट्या स्टिकरची तक्रार परत येत नाही, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ज्याचं बिघडतं तो हजारात एखादा येतो, आणि त्याच्या आईला महिनाभराने कळतं, तेव्हा प्रदर्शनाचा मांडवही उठलेला असतो.

जवावर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या माणसाला जव चांगला. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू कामाचा, दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. खारवट, हलक्या जमिनीत गव्हापेक्षा तग धरणारं पीक. आपल्याकडे पिकत नाही म्हणण्याइतकंच पिकतं, राजस्थान-उत्तर प्रदेशाकडून येतं. माझे यजमान अजून रोज जवाची भाकरी खातात, फक्त त्यांचा तवा आणि पोळपाट आता वेगळा आहे. शेजारच्या ताईंनी जवाचं सातू जरूर विकावं, ते माझ्यापेक्षा सरस होतं. त्यावर ‘जव’ लिहावं.

तर मागण्या अशा.

संयोजकांनी ती हिरवी स्टिकरं कायमची बंद करावीत. ज्याच्याकडे त्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल असेल त्याने तो टेबलावर लावावा आणि मग खुशाल ‘ग्लूटेन फ्री’ म्हणावं. आपल्यासारख्या छोट्यांना प्रत्येक खेपेची तपासणी परवडत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मलाही परवडत नाही, म्हणून मी म्हणत नाही. न म्हणायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या वर्षीची स्वतंत्र रांग रद्द करावी. नसेल करायची तर त्या रांगेत गहू, जव, राय, ओट असलेला एकही पदार्थ नको, सुटा माल नको, आणि चव दाखवायचा चमचा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता कामा नये. चमच्याचं मी मुद्दाम लिहिते. यंदा एकाच चमच्याने तीन पिठं चाखायला दिलेली मी पाहिली.

मैत्रिणींनो, पाकिटावर नुसतं ‘सातू’ लिहू नका. ‘सातूचे पीठ’ हे नाव राहू दे, खाली मराठीत धान्यं लिहा: गहू, डाळवं. किंवा जव, डाळवं. जव लिहिलात तर शेजारी बार्ली असंही लिहा, कारण डॉक्टरांच्या कागदावर बार्ली असतं आणि आजीला सातू माहीत असतं. माल्ट असेल तर कशाचा, ते लिहा. गव्हा-जवासारखी ग्लूटेनची धान्यं असतील तर ‘यात आहे’ असं वेगळं सांगणं २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे तसंही बंधनकारक आहे. लेबलावर इंग्रजी किंवा हिंदी लागतंच, मराठी जास्तीचं लिहायला कुणाची मनाई नाही. आणि ज्या जात्यावर, ज्या कढईत गहू भाजला-दळला त्याच्यातच ज्वारी-नाचणीचं करत असाल, तर तेही एका ओळीत लिहा. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती मलाही वाटली होती. ‘याच गिरणीत गहू दळला जातो’ असं मी गेल्या वर्षापासून छापते. एक गिऱ्हाईक तुटलं. ती बाई फोन करून थँक्यू म्हणाली आणि तुटली.

गिरणीवाल्यांनी आठवड्यातून एक सकाळ ठरवावी. उपासाच्या दळणाच्या वेळीच हेही चालेल, धान्यं बरीचशी तीच आहेत. दारावर खडूने वेळ लिहिली तरी पुरे.

प्रदर्शनाचा फॉर्म भरताना ‘पदार्थाचं नाव’ या रकान्याशेजारी ‘त्यातली धान्यं’ असा एक रकाना वाढवावा. त्या रकान्याचा नमुना मी या पत्रासोबत संयोजकांकडे देते आहे. माझ्या तिन्ही पदार्थांचा भरून दिला आहे, म्हणजे किती वेळ लागतो ते कळेल. मला चार मिनिटं लागली, त्यात एकदा चष्मा शोधला.

संक्रांतीच्या प्रदर्शनाचे फॉर्म डिसेंबरात निघतात. त्याआधी उत्तर कळवावं. स्टिकरं राहणार असतील तर माझं टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं, आगाऊ भरलेले पैसे परत नकोत.

आपली,
भाजणी-मेतकूटवाली एक आजी,
सांगली